ताहिरचा नान

बसवनगुडी, बंगळूर
१२ मे १९६६

प्रिय प्रतिमा,

तुझ्या अण्णांचा गुडघा कसा आहे ते कळव. त्यांना बेळगावभर हिंडू देऊ नकोस. इथे सकवारबाई न सांगता दोन दिवस कामाला आली नाही. बोलले, तर "सरी अक्का", बरं अक्का, म्हणून हसली.

गेल्या आठवड्यात पेपरात ताश्कंदच्या भूकंपाचा फोटो होता. जुन्या शहरातली मातीची घरं बसली. भिंग घेऊन मी त्यात ओयदिन आपाचं घर शोधलं. अठ्ठावन्न साली तिथल्या शाळेत हिंदी शिकवायला गेले तेव्हा तिच्याकडे राहत होते. निळ्या घुमटांच्या, बर्फाच्या डोंगरांच्या गोष्टी तुला पुष्कळ सांगितल्या. एक सांगितली नाही.

त्या घराला गल्लीकडे एकही खिडकी नव्हती. मातीच्या कोऱ्या भिंतीत बुटकं दार, दारापुढून वाहणारा पाट. आत अंगण, द्राक्षांचा मांडव, कोरीव लाकडी खांबांची ओसरी. ओयदिन आपा आणि तिची सून हालिमा, दोघीच. ओसरीत खिळ्याला एक वाळून कडक झालेला नान टांगलेला होता, एका कडेला दातांनी तोडलेला. दिवाळीच्या सुमारास दोघी नात्यातल्या लग्नाला गेल्या आणि मी घर झाडायला काढलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे. आपण शिळी भाकरी घालतो तसा तो नान भिजवून शेजारच्या गाईला घातला.

तिथली रीत मला मागाहून कळली. घरचा माणूस लांब निघाला की नानाचा एक घास तोडतो. उरलेला, तो परत येऊन खाईपर्यंत जपतात. आपाचा मुलगा ताहिर बेचाळीस साली लढाईवर गेला होता.

ती रागावली नाही. रिकाम्या खिळ्याकडे बघून हालिमाला म्हणाली, "संपला. म्हणजे तो येऊन गेला. तू आता जा, पोरी." वसंतात हालिमाचं दुसरं लग्न झालं.

आपला नरसिंह चीनच्या लढाईत बेपत्ता झाल्याची तार आली, तेव्हा मला आधी ते दातांचे ठसे दिसले. शिकलेल्या बाईने असलं बोलू नये, म्हणून बोलले नाही. पहाटे फाटक वाजतं. ते वाजलेलं नसतं हे कळतं, तरी मी उठते. बाहेरच्या खोलीत तू आधीच उभी असतेस. साडेतीन वर्षं आपण दोघी एकमेकींना न पाहिल्यासारखं करून आत जातो.

होसकोट्याच्या मास्तरांचं स्थळ तुझ्या दुसऱ्या लग्नासाठी पुढे करावं का, असं अण्णांनी फेब्रुवारीत मला लिहून विचारलं होतं. "आई हो म्हणाल्या तरच," असं तू त्यांना सांगितलंस, हेही त्यात होतं. पत्र मिळालंच नाही असं मी तुला म्हटलं. ते खोटं होतं. माझा मुलगा गेला हे त्या उत्तरात लिहावं लागलं असतं, आणि ते मला आजही लिहवत नाही. पण होकार लिहिला आहे. याच पाकिटात आहे, अण्णांना दे. लग्नाला मी येईन. माझ्यासाठी थांबायचं नाही. वाट बघायला घरात एक माणूस पुरे.

तुझीच,
राजलक्ष्मी