चिखलाचं वजन

प्रिय चिमणे,

तू रिगवर नीट पोचलीस, जेवलीस, हे बाबांकडून कळलं. मला फोन करायला तुला वेळ नाही आणि तुझा फोन आल्याशिवाय मला झोप नाही, हे आता जगजाहीर आहे. बाबा म्हणतात, तुझ्या आईला खडकांच्या मनातलं कळतं, पोरीच्या नाही. म्हणू देत.

तू ज्या तेलविहिरीवर आहेस, तिचं मॉडेल माझ्याच टेबलावर आहे. खाली दाब किती, कुठला थर किती भार सोसेल, हे मी मांडायचं आणि खोदताना विहिरीत भरायच्या चिखलाचं वजन तुम्हाला कळवायचं. चिखल हलका पडला तर भिंती ढासळतात, गॅस वर उसळतो. जड झाला तर खडक तडकतो, चिखल भेगांतून निघून जातो, आणि मग गॅसला अडवायला काहीच उरत नाही. या थरात तर मधली वाट इतकी अरुंद आहे, की जीव मुठीत धरूनच आकडा द्यावा लागतो.

तू सहलीला निघालीस की मी पिशवीत दोन स्वेटर कोंबायचे आणि तू एक गुपचूप बाहेर काढून ठेवायचीस. मला आईपण एवढंच जमतं बघ. काहीही द्यायचं तर थोडं जास्तच.

काल खालच्या थराचा आकडा काढला. तपासणाऱ्या सहकाऱ्याने तो दोनदा पाहिला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, हा मॉडेलमधून येत नाही. तुम्ही वरून घातलाय." मी तावातावाने भांडले. मग पुन्हा गणित मांडलं आणि त्याचंच खरं निघालं. गॅस उसळू नये, तू तिथे उभी आहेस, एवढंच डोक्यात धरून मी चिखल जड करत सुटले होते. तो आकडा तुमच्यापर्यंत आला असता तर तुझ्याच पायांखालचा खडक फुटला असता.

म्हणून आज सकाळी साहेबांना सांगून या विहिरीचं काम सोडलं. उद्यापासून आकडा तो सहकारी पाठवेल. त्याचं तिथे कुणी नाही. रिगवर कुजबुज होईल, बाईंना झेपलं नाही म्हणतील. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. मला फार भीती वाटते गं. आणि इतक्या घाबरलेल्या माणसाने तुझ्या विहिरीचा आकडा देऊ नये, मग ती तुझी आई का असेना.

तुझीच,
घाबरट आई