सात नंबरचा बिल्ला

रविवार, दिवेलागण

आज धरणावर शिडाच्या होड्यांची शर्यत झाली. पैलतीराजवळच्या पिंपाला वळसा घालून परत यायचं. फळा याही वर्षी माझ्याकडंच. पाण्यात उतरणारा खिळ्यावरचा आपला पत्र्याचा बिल्ला घेऊन जातो, परतला की स्वतः टांगतो. फळा भरला म्हणजे सगळे आले, मग होड्या कुणी मोजत नाही.

सात नंबर आता कुणी घेतच नाही. दिवसभर वाऱ्यानं वाजत होता मेला.

मागच्या वर्षी दिगंबरनं काठाला न लागताच तो माझ्याकडं फेकला. ‘ताई, तेवढा टांगा. पिंप सोडून आणतो, आलोच.’ मी टांगला. फळा भरला, सगळे जेवायला गेले. शोधायला निघालो तोवर फार उशीर झाला होता. हे मी कुणाला सांगितलं? कुणालाच नाही.

आज त्याची बायको माझ्याजवळ येऊन बसली. ‘ताई, बिल्ला टांगून झाल्यावर हे पुन्हा पाण्यात काहून गेले असतील? त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं.’

म्हणजे वर्षभर ही बाई हेच उराशी धरून बसली! दिगंबर परत आलाच नव्हता, बिल्ला मी टांगला. एवढंच तर बोलायचं होतं. पण मी म्हणाले, ‘काय माहीत, बाई.’

तिनं सात नंबर मागितला. मी काढून दिला. पदरानं पुसायला गेली अन् थांबली.

‘नको. शेवटचा हात त्यांचा लागलाय ह्याला.’

मी ‘व्हय’ म्हणाले.