जाहीर आभारांची सोय बंद करण्याबाबत

गुरुवार, दिनांक १४ मार्च, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. दात घासायच्या जुन्या ब्रशने एका शिलाई मशीनच्या कापड सरकवणाऱ्या दातपट्टीतला कापूस काढत होतो, तो अर्धा तसाच ठेवून हे पत्र लिहायला घेतलं.

ती. दादा यांस,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालणार होतो, पण दुकानात दोन मशीनच्या मध्ये पाच फूट जागा आहे आणि मी पाच फूट चार इंच.) मावशीचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? इकडे आई बरी आहे. मी बरा नाही, पण ताप वगैरे काही नाही, त्यामुळे औषध सुचवू नये. समोर असताना मी तुम्हाला अरे-तुरे करतो हे मला माहीत आहे. पण पत्रात ते बरं दिसत नाही, आणि शिवाय आज मला तुमच्याकडे काही मागायचं आहे.

पत्रास कारण तुम्हीच आहात. तीन वर्षांपूर्वी तुम्ही शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांसाठी इंटरनेटवर कट्टा काढलात. कुणी प्रश्न विचारावा, कुणी उत्तर द्यावं, चांगलं काम केलंत. पण प्रत्येक उत्तराखाली तुम्ही जे हिरवं बटण ठेवलंत, 'आभार' नावाचं, ते कशासाठी? ते दाबलं की सगळ्या जगाला दिसेल असं खाली उमटतं, की अमक्याने तमक्याचे आभार मानले. आणि एकदा मानलेले आभार परत घेता येत नाहीत. मागे मी कारण विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आभार परत घेणं बरं दिसत नाही." दादा, मी गेले बारा दिवस जसा दिसतोय, ते तुम्ही पाहायला हवं होतं.

आता तुम्हीच सभासदांना विचारलं आहे की जाहीर आभारांची ही सोय ठेवावी की काढावी, आणि येत्या रविवारपर्यंत मत मागवलं आहे. पण मत देणाऱ्याचं नावसुद्धा तुम्ही जाहीर दाखवता. (तुम्हाला खासगी असं काही सुचतच नाही का? लहानपणी पत्र्याच्या डब्यातले लाडू मी खाल्ले हेही तुम्ही असंच सगळ्यांसमोर सांगितलं होतं.) त्यामुळे मला मत देता येत नाही. का, ते आता क्रमाने सांगतो.

तुम्हाला ठाऊक आहे की ज्यांच्या दुकानात मी काम करतो त्या मिस्त्रींना टाईप करता येत नाही. ते सांगतात, मी लिहितो. नववीत माझी शाळा सुटली, पण शुद्धलेखन सुटलं नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. कट्ट्यावर त्यांच्या नावावर जी १८७ उत्तरं आहेत, त्यांतला प्रत्येक काना, मात्रा आणि वेलांटी माझी आहे, अक्कल त्यांची. शनिवार, २ मार्च रोजी कुणीतरी प्रश्न टाकला की नवीन सुई घातल्यापासून मशीनचा टाका सुटतो, काय करावं. मिस्त्रींनी डोळे मिटून चौदा ओळी सांगितल्या. पट्टी काढा, खालचा दोरा फिरवणारं शटल उघडा, शटलचं टोक आणि सुई यांची वेळ जुळवा, वगैरे. मी सगळं लिहून पाठवलं. अर्ध्या तासाने खाली सुईदोरा नावाच्या सभासदाचं एकाच ओळीचं उत्तर आलं: "सुई उलटी घातली असेल. सपाट बाजू बघा."

आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी उठलो, समोरच्या मशीनला मुद्दाम सुई उलटी लावली आणि चिंधीवर चालवली. टाका सुटला. सरळ लावली. टाका बसला. असं तीन वेळा केलं. (दोनदा पुरे होतं, पण योगायोग नको.) उत्तर बरोबर होतं आणि बरोबर उत्तराचे आभार मानावेत असं तुमच्याच नियमावलीत कलम सहामध्ये लिहिलं आहे. मी बटण दाबलं. अकरा वाजून चाळीस मिनिटं. आणि मिस्त्रींच्या चौदा ओळींच्या बरोबर खाली उमटलं: 'मिस्त्रींचा मदतनीस यांनी सुईदोरा यांचे आभार मानले.' सभासद होताना नाव सुचेना म्हणून 'मिस्त्रींचा मदतनीस' हे नाव तुम्हीच मला दिलं होतंत, हे मी फक्त नोंद म्हणून लिहितो, दोष देत नाही.

एवढंही निभावलं असतं. पण सुईदोरा म्हणजे कोण, हे मला नंतर मिस्त्रीकाकूंकडून कळलं. मी ज्या स्टुलावर बसतो त्याच स्टुलावर तो चार वर्षं बसायचा. सहा वर्षांपूर्वी एके दिवशी जेवायला म्हणून गेला आणि दुसऱ्या एका दुकानात लागला. तेव्हापासून दुकानात त्याचं नाव कुणी काढत नाही. मिस्त्रींनी भिंग लावून ती ओळ वाचली, भिंग पुसलं, परत वाचली आणि डबीत ठेवून दिलं.

तेव्हापासून मिस्त्री माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण माझ्याशी नाही. "तेल संपलंय, ज्याला दिसतं त्याला दिसेल." "बारा वाजले, जेवणारे जेवतील." परवा पंख्याकडे बघून म्हणाले, "काही लोकांना गिऱ्हाईक आलेलं ऐकू येत नाही." मी उठलो. गिऱ्हाईक नव्हतं, मांजर होतं.

तुम्ही म्हणाल, म्हातारा माणूस आहे, निवळेल. तसं नाही. २७ फेब्रुवारीला त्यांनी मला सांगितलं होतं की एक एप्रिलपासून शटलचं काम तू बघ. दादा, आमच्या दुकानात तेल, पट्टा, मोटर, साफसफाई हे कुणीही करतं. शटल करतो तो मिस्त्री, बाकीचे मदतनीस. मी सव्वीस वर्षांचा आहे आणि अजून गिऱ्हाईक आत येऊन मला विचारतं, "कुणी आहे का?" त्या दिवशी घरी जाऊन मी आईला सांगितलं, आईने शेजारी सांगितलं, आणि आता शेजारी मला मिस्त्री म्हणू लागले आहेत. इकडे शटलचा बारका स्क्रू-ड्रायव्हर, जो वर्षानुवर्षं टेबलावर पडलेला असायचा, तो गेले बारा दिवस मिस्त्री खिशात घालून घरी नेतात.

चूक सुधारावी म्हणून मी जे केलं, ते आता सांगतो. मला वाटलं, परक्याचे एकदा आभार मानले, तर आपल्या माणसाचे त्याहून जास्त मानावेत, म्हणजे पारडं सरळ होईल. सोमवारी मिस्त्री एका कपडे शिवायच्या कारखान्यात गेले होते. तिथल्या चाळीस मशीनची वर्षभराची देखभाल आपल्याला मिळावी म्हणून मालकाशी बोलणं चाललं होतं. इकडे मी बसलो आणि मिस्त्रींच्या १८७ उत्तरांचे एकामागून एक आभार मानले, सगळ्यांत जुन्यापासून, कुणावर अन्याय नको म्हणून. (म्हणजे मीच लिहिलेल्या मजकुराचे मीच. हे तेव्हा लक्षात आलं नाही.) मला हे विसरायला झालं की प्रत्येक आभाराला मिस्त्रींचा फोन वाजतो, आणि त्यांना कमी ऐकू येतं म्हणून मीच त्याला शाळेच्या घंटेचा आवाज लावून दिला आहे. पाचव्या घंटेला मालकाने विचारलं, घरी काही झालंय का. विसाव्या घंटेला कारागिरांनी मशीन थांबवल्या. त्यांना वाटलं जेवणाची सुटी झाली. शेवटी मालकानेच फोन हातात घेऊन मोठ्याने वाचलं: 'मिस्त्रींचा मदतनीस यांनी तुमचे आभार मानले.' आणि परत तेच. आणि परत तेच. मिस्त्रींना फोन बंद करता येत नाही, ते काम माझं असतं.

मालक म्हणाले, विचार करून कळवतो. अजून करतायत.

कट्ट्यावर तर माझी वरात निघाली. 'आठवड्यातील सर्वांत आभारी सभासद' म्हणून तुमच्या यंत्राने माझ्या नावापुढे आपोआप पिवळं फूल लावलं. एकाने लिहिलं, "मिस्त्रीकाका, पोराला सोडा आता, बोटं दुखली असतील त्याची." दुसऱ्याने विचारलं, "मारून मानायला लावले की उपाशी ठेवून?" या दोन वाक्यांचे एकोणतीस जणांनी आभार मानले आहेत. म्हणजे ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाकडून काही वदवून घेतलं नाही, तो आता आभाराला हपापलेला म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ते केलं मी.

म्हणून दादा, माझं मत असं की ही सोय बंद करा. आणि हे मी रागाने म्हणत नाही, विचार करून म्हणतो. दुकानात मी चार वर्षं आहे. जे गिऱ्हाईक जाताना तीनदा आभार मानतं, ते दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन येतंच. जे नुसतं "हं" म्हणतं ते दोन-दोन वर्षं फिरकत नाही, कारण मशीन चालू असते. मिस्त्रींनी मला कधी शाबास म्हटलेलं नाही. काम झालं की ते चिंधीवर टाके मारून बघतात. काम वाईट असेल तर चिंधी टोपलीत टाकतात, बरं असेल तर घडी करून खिशात. चार वर्षांत माझ्या एकोणीस चिंध्या खिशात गेल्या आहेत. हे कुणालाही दिसलेलं नाही, आणि त्यामुळेच कुणी त्यावर काही लिहिलेलं नाही. सभेतसुद्धा बघा, आभार मानणारा उभा राहिला की लोक चपला शोधू लागतात. ती काही वाईट पद्धत नाही. घरीही मी करून पाहिलं. परवा आईने ताट वाढलं तेव्हा म्हटलं, "आई, मी तुझा आभारी आहे." तिने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता, मग म्हणाली, "शटलचं काय झालं ते खरं सांग."

पण हे मत मी कट्ट्यावर दिलं, तर सुईदोराला वाटणार की याला आपले आभार मानल्याचा पश्चात्ताप होतोय. (होतोय, पण त्याचं उत्तर बरोबर होतं.) सोय ठेवा म्हटलं तर मिस्त्रींना वाटणार, अजून हौस फिटली नाही. म्हणून माझं एक मत या पत्राने धरावं आणि नाव कुठेही घालू नये.

मावशीला नमस्कार सांगा. तुमच्या उपकारांचे आभार न मानता ऋणातच राहावं अशी थोरांची पद्धत आहे. ती मला आता मनापासून पटली आहे.

तुमचा धाकटा मावसभाऊ

ता.क. सोय बंद व्हायला वेळ लागणार असेल, तर निदान त्या सुईच्या उत्तराखालचं माझं नाव तेवढं गुपचूप खोडून टाका. यंत्राचा बिघाड झाला म्हणून सांगा. तुमच्या कामात लोक त्यावर लगेच विश्वास ठेवतात.

ता.क. दुसरा. (चार वाजून पंचवीस मिनिटे.) वरचं काहीही करू नका. नाव खोडलं असेल तर परत घाला. आत्ता मिस्त्री आले, बसले आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "सुई उलटीच होती ना?" बारा दिवसांनी. मी हो म्हटलं. म्हणाले, "लिही त्याला." मी फोन घेतला. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं देतो, तुम्ही कट्ट्यावर वाचालच: "सुई उलटी होती. तू म्हणतोस ते बरोबर. मला आता सुईची सपाट बाजू दिसत नाही. एक तारखेपासून शटलचं काम पोरगा बघणार आहे, त्याला काही अडलं तर सांगत जा." मी बोट वर धरून थांबलो आणि विचारलं, खाली आभारी आहे असं घालू का? म्हणाले, "चार वर्षं माझ्या डब्यात जेवलाय तो. आभार परक्याचे मानतात." मग खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला आणि चहा सांगायला गेले.

ता.क. तिसरा, आणि हाच महत्त्वाचा. दादा, मला शटल येत नाही. चार वर्षं मी बघतोय, पण मिस्त्री शटलवर असे वाकतात की मला फक्त त्यांचं टक्कल दिसतं. त्यांना विचारलं तर म्हणतील, "चार वर्षं बघतोयस की." सुईदोराला विचारावं तर कट्ट्यावर सगळ्यांना दिसेल. तेव्हा कृपा करून मला दुसऱ्या कुठल्याही नावाने गुपचूप एक सभासद करून द्या. त्या नावाने मी विचारीन की शटल पहिल्यापासून कसं बसवावं. उत्तर मिस्त्रीच देतील, कारण शटलचा प्रश्न दिसला की त्यांना राहवत नाही, आणि ते सावकाश, ओळीओळीने मलाच सांगतील. एक तारखेला अठरा दिवस आहेत. फक्त त्या नव्या नावाला आभाराचं बटण ठेवू नका, माझ्याने दाबल्याशिवाय राहवणार नाही.