कृत्तिकांच्या खालचा तारा

अर्धापूर,
२६ ऑक्टोबर २०२५

चि. दीपाली हिस अ. उ. आ.

दिवाळी करून तू लातूरला सुखरूप पोचलीस, बरं झालं. क्लासची पोरं वाट बघत असतील. इकडे केळी चांगली आहे. तुझी माय बरी आहे, फक्त माझ्यावर चिडून आहे.

कारण मीच लिहितो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून टिकवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासून माझी तपासणी मीच करतो. आपल्याकडची जुनी माणसं नजर पारखायला सप्तर्षीतली अरुंधती बघायची. पण उत्तरेला शेजाऱ्याने माडी चढवली, म्हणून मी मागच्या फाल्गुनात कृत्तिकांच्या खाली दीड-दोन वितींवरचा एक तांबूस तारा धरला, रोहिणी नव्हे. रोज दिसायचा. आता कृत्तिका पुन्हा संध्याकाळी उगवू लागल्या, पण तो काही दिसत नाही. तुझी माय म्हणते तिलाही दिसत नाही. मला बरं वाटावं म्हणून म्हणते, दुसरं काय!

तेव्हा थेंबांचा उपयोग नाही असं धरून ते बंद केले, म्हणून ती चिडली. भीती एकच आहे. कान तर एसटीच्या इंजिनाने केव्हाच नेले, फोनवर तू काय बोलतेस ते कळत नाही. डोळेही गेले तर तुझं पत्र कसं वाचू?

आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा आबा,
ग्यानोबा


लातूर,
२ नोव्हेंबर २०२५

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी रडले आणि मग एकटीच हसत बसले. आभाळात एवढे तारे असताना तुम्ही नेमका हाच हेरलात! डेपोतली सगळ्यात खटारा गाडीसुद्धा तुमच्याच वाट्याला यायची.

आबा, माय खरं बोलते आहे. तो तारा सध्या कुणालाच नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. त्याचं नाव मीरा. म्हातारा, फुगलेला, तांबडा तारा आहे. त्याचं अंग फुगतं आणि आवळतं, त्याला सुमारे अकरा महिने लागतात. आवळला की तापतो आणि उजळतो. फुगून गार पडला की त्याची नुसती ऊब निघत राहते, उजेड आपल्यापर्यंत पोचत नाही. तो विझलेला नाही, फक्त दिसेनासा झाला आहे. महाशिवरात्रीच्या आगेमागे पुन्हा दिसेल.

म्हणजे दोष ताऱ्याचा, तुमचा नाही. आजपासून थेंब सुरू करा, माझ्या गळ्याची शपथ आहे. आपण दोघं मिळून त्याची वाट बघू. स्केचपेनने मोठं अक्षर काढलं आहे, वाचता येतं ना?

मायेला नमस्कार. रागावलात तरी माझ्यावरचा जीव कमी करू नका.

तुमची दीपाली


अर्धापूर,
१८ फेब्रुवारी २०२६

चि. दीपाली हिस अ. उ. आ.

तुझ्या पत्राने हिवाळा बरा गेला. थेंब एक वेळही चुकवले नाहीत, मायेला विचार. गावातल्या दहा जणांना सांगून ठेवलं की माझा तारा महाशिवरात्रीला येतो. अण्णाराव म्हणाला, ड्रायव्हरसाहेब, तुमचा तारा एसटीसारखाच लेट हाय.

महाशिवरात्र होऊन गेली. रोज अंधार पडला की ओट्यावर बसतो. कृत्तिकासुद्धा आता धुरकट पुंजका होऊन दिसतात, पण ते धुक्यामुळे असेल. तारा आलेला नाही. तुझं पुस्तक चुकलं का, ते बघून कळव. तुझं मागचं पत्र पुन्हा वाचायला घेतलं तर ओळ मधेच नजरेतून सुटते.

लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा आबा

(पाठीमागे, दुसऱ्या हातचं)

दीपे, मी माय लिवते. तारा आलाय. लई लाल दिसून राहिला. मला दिसतो, शेजारच्या उज्वलालाबी दिसतो. तेनी इचारलं तवा मी न्हाई म्हनले. आता तू काय लिवायचं ते लिव. मला काई सुदरत न्हाई.


लातूर,
२४ फेब्रुवारी २०२६

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

पुस्तक चुकलेलं नाही, पण असले तारे घड्याळ बघून चालत नाहीत. कधी लवकर येतात, कधी उशिरा. कधी खूप उजळतात, कधी जेमतेम. त्यांना कुणी घाई करू शकत नाही. मीही रोज गच्चीवर जाते. लातूरलाही अजून दिसला नाही.

तोवर थेंब चालू ठेवा. मी पाडव्याला येते, मग सोबत बसू.

तुमच्या लाडाची,
दीपाली

(सोबतची चिठ्ठी)

माय, ही आबांना दाखवू नकोस. काल पाण्याच्या टाकीवरून मला चांगला दिसला, शोधावाही लागला नाही. फिजिक्स शिकवते मी, आणि माझ्या बापाला एवढं खोटं लिहिलं. दुसरं काय करता येतं ते मला ठाऊक नाही.


अर्धापूर,
१ मार्च २०२६

चि. दीपाली हिस अ. उ. आ.

अक्षर तुझ्या मायेचं आहे, बोल माझे आहेत. तुझं पत्रही तिनेच कानाशी ओरडून वाचलं. सगळ्या आळीला कळलं की लातूरला तारा दिसत नाही.

तारा आलाय, दीपा. तुझी माय रोज संध्याकाळी एकाच कोपऱ्याकडे बघते आणि मग माझ्याकडे बघायचं टाळते. जवळचं एवढं अजून दिसतं मला. हे लिहिताना ती थांबली होती. लिही म्हटलं.

तुमच्या दोघींवर राग नाही. थेंब घालतो, तुझी शपथ आहे ना. पण आता तारा तू बघत जा. किती लाल आहे, कधी उतरायला लागला, सगळं मला कळव. आणि त्या स्केचपेनने एका पानात चार ओळी मावतात. आता अक्षर मोठं काढू नकोस. बारीक काढ, म्हणजे पत्रात पुष्कळ मावेल.

तुझा आबा