भुजंगाचा पंचम उतरवतो

चैत्र वद्य ३. सकाळ.
कॉलेजच्या सुट्टीत औरंगाबादहून गावी, परभणीजवळच्या पोखर्णीला. गेल्या नृसिंह जयंतीला इथल्या देवळात मी गायलो, तर चुलतभाऊ भुजंग गावासमोर म्हणाला, बन्सीचं वासरू हरवलंय वाटतं, हाका मारायलाय. अख्खं गाव हसलं. वर्ष होत आलं, अजून कान जळतात. यंदा त्याच देवळात गाऊन त्याचं नाक कापणार. धोंडप्पाबुवांची प्रायव्हेट शिकवणी लावली.

वद्य ४. पहाट.
तासभर नुसता 'सा'. बुवांनी डोळे मिटून कानांवर हात ठेवले. रंगले बिचारे.

वद्य ५.
झोपून राहिलो. आवाजाला आराम पाहिजे. उद्यापासून पक्कं.

वद्य ११.
आई म्हणाली, तू गायला लागला की शेजारच्या पार्वतीबाईची म्हैस पान्हा चोरायलीय, जरा रानात जाऊन गा. घरच्यांना किंमत नाही.

वैशाख शुद्ध २.
संताप! भुजंग चार वर्षांपासून बुवांचाच शागीर्द! बुवा म्हणाले, यंदा देवळात तो गातो, तुमी मागं बसून तंबोरा धरा. गुमान हो म्हणालो. दुश्मनाच्या पाठीमागं बसायला मिळतंय, सोडतो की काय!

शुद्ध ६.
तंबोरा लावायला दोन दिवसांत शिकलो. टॅलंट! पंचमाची तार चांगली ताठ ओढतो. बुवा मागाहून उगाच ती ढिली करत बसतात. म्हातारपण.

शुद्ध १३.
प्लॅन ठरला. उद्या तंबोरा माझ्या हाती. आधी पर्फेक्ट लावणार, मग हळूच पंचम उतरवणार. भुजंग बेसूर होणार, गाव हसणार, आणि मी पुढे सरकून गाणार. गचाळ कुठला! बघतोच त्याला.

शुद्ध १४. नृसिंह जयंती. रात्र.
देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. तंबोरा लावला. भुजंगाचं लक्ष नाही बघून पंचमाची खुंटी ढिली केली. तेवढ्यात बुवा आले, तारा छेडल्या आणि थबकले. मी खुंटीवरचा हात काढला. बुवांच्या डोळ्यांत पाणी! म्हणाले, बन्सीधर, आज पहिल्यांदा तंबोरा सुरात लागला हाय. मी हात लावत न्हाई.

भुजंग लय गोड गायला, मेला. गावाने आणखी दोन चिजा गाऊन घेतल्या. शेवटी सगळ्यांसमोर मला मिठी मारून म्हणाला, बन्सीच्या तंबोऱ्यानं आज गळा लागला. माझ्यासाठी टाळ्या पडल्या. बुवा म्हणाले, आता रोज तुमीच लावत जा.

खुंटी नेमकी किती फिरवली होती, आठवत नाही.