फ्रिजवरचा नंबर

मंगळवार, संध्याकाळ

आज पुन्हा फ्रिजवर चिकटवलेल्या त्या नंबरला फोन लावला. नुसती रिंग वाजते, कोणी उचलत नाही. पॅरालिसिसच्या पेशंटला घरी कसं सांभाळायचं ते तिथे शिकवतात, असं मेडिकलवाल्यांनी सांगितलं होतं. त्याला चार महिने झाले. यांना कुशीवर कसं वळवायचं, एवढंच मला विचारायचं होतं. डॉक्टर म्हणाले, "नर्सला विचारा." नर्स म्हणाली, "यूट्यूबवर बघा." बघितलं. तिथला पेशंट हसतहसत स्वतःच वळतो!

तेवढ्यात फोन वाजला. वाटलं, तिकडूनच असेल. पलीकडच्या सोसायटीतल्या कुणी बाई होत्या, मिस्टरांना परवाच हॉस्पिटलमधून घरी आणलंय. "अहो, मेडिकलवाल्यांनी तुमचा नंबर दिला. तुम्हाला सगळं माहीत आहे म्हणाले." मला? सगळं?

मला काही माहीत नाही, असं सरळ सांगायला हवं होतं. पण त्या कागद-पेन घेऊन बसल्या होत्या. मी फ्रिजवरचा तोच नंबर वाचून दाखवला. वर "दुपारी एक ते चार सोडून करा" असंही बजावलं. का केलं मी असं?

त्यांनी दोनदा आभार मानले. मीही मेडिकलवाल्यांचे असेच मानले होते.