धाकटीने दोन ओळींची अदलाबदल केली त्याबद्दल

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? आतोबांचा खोकला हटला का? इकडे सगळे ठणठणीत आहेत, फक्त माझ्या पोटात दुखतंय, आणि त्याला कारण तुझी धाकटी.

मला तिचा हेवा वाटत नाही. (वाटतो. तुझ्यापासून काय लपवायचं!) तिला आमच्या कंपनीत चिकटवलं कुणी? मीच. गटप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार आणि ती मलाच मिळणार, हे सगळे धरून चालले होते. तेवढ्यात आमची सिस्टीम गोठायला लागली. म्हणजे कसं, संगणकाच्या अगदी आतल्या कोडमध्ये, कर्नेलमध्ये, एका वेळी एकानेच वापरायच्या गोष्टींना लॉक असतात. आता न्हाणीघरात एकाने बादली धरली, दुसऱ्याने साबण, आणि दोघं 'आधी तुझं दे' म्हणत उभे राहिले, तर आंघोळ कुणाचीच होत नाही. हाच तो डेडलॉक. पकडायला जावं तर सापडेना! मी कोडमध्ये जागोजागी 'इथवर आलो' असं छापणाऱ्या ओळी घातल्या की मशीन शहाण्यासारखं चालायचं (छापण्यात वेळ जातो, मग दोघांची गाठच पडत नाही), काढल्या की गोठलंच. लॉक उलटसुलट क्रमाने घेतले तर बोंब मारणारा एक तपासनीस कर्नेलमध्येच असतो, तोही गप्प. मी मीटिंगमध्ये छाती काढून सांगितलं, तपासनीस समाधानी आहे, दोष हार्डवेअरचा. तेव्हापासून हार्डवेअरवाले माझ्याशी बोलत नाहीत.

मग तुझी धाकटी आली. मशीन आपलं आपण जे टिपत जातं त्या लॉगचा सगळे शेवट बघतात, हिने सुरुवात काढली. म्हणाली, "दादा, हा तर मशीन सुरू होतानाच ओरडलाय. एकदा ओरडला की पुढे बघणंच बंद करतो ना तो?" चारचौघांत दादा! ओरडला होता तो माझ्याच कोडच्या एका जुन्या, निरुपद्रवी तुकड्यावर. ती बोंब मला रोज दिसायची आणि घरचीच कुरबुर म्हणून मी सोडून द्यायचो. तिने ती मिटवली, तपासनीस पुन्हा कामाला लागला आणि खऱ्या जागी बोंबलला. तिने लॉक घेणाऱ्या दोन ओळींची अदलाबदल केली. संपलं! साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, जरा जास्तच जोरात. अंगाचा नुसता तिळपापड झालाय ग. नव्या पोरांना तो तपासनीस मीच शिकवतो!

तुझा,
भाचा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तिला दुसऱ्या कंपनीतून बोलावणं आलंय. पगार चांगला, आणि मुख्य म्हणजे लांब. 'दादाला सोडून कशी जाऊ' म्हणून अडून बसलीय. तू जरा समजूत घाल. जा म्हणावं.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार एवढ्यात कळलं, गटप्रमुख मीच! तिनेच साहेबांना सांगितलं म्हणे, खुर्ची दादाला द्या, मी जातेय. (मला धड जळूही देत नाही ही पोरगी.)

आणखी एक. मशीन आत्ताच पुन्हा गोठलं. लॉगची सुरुवात पाहिली, शेवट पाहिला, काही नाही. साहेब नव्या गटप्रमुखाच्या पाठीशी येऊन उभे आहेत. आत्या, वरचं सगळं खोड. जाऊ नकोस म्हणावं तिला. आणि हे मी नाही, तूच म्हणतेयस.